दार मी उघडलं, ओरडलो पण मीच. असं का होतं?

अर्धापाऊण:

परवाची गोष्ट. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास कर्वे रोडला एका मेडिकलसमोर गाडी कडेला घेतली, बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्या संपल्या होत्या. गाडी नीट पट्ट्याच्या आत लावली, हँडब्रेक ओढला, फोनवर एक मेसेज आला होता तो बघत बघत दार उघडलं आणि खाडकन आवाज.

पन्नाशीच्या एक बाई होत्या स्कूटरवर. त्यांनी ब्रेक दाबला, हँडल वळवलं, तरी आरसा दाराच्या कडेला लागून उलटा फिरला. बाई पडल्या नाहीत, पाय टेकवून सावरल्या, पण पायाशी ठेवलेली पिशवी रस्त्यावर. मेथीची जुडी सुटली, हिरव्या मिरच्या घरंगळत पार डिव्हायडरच्या दिशेने.

आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं? "अहो, बघून चालवता येत नाही का!"

त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाकून मेथी गोळा करायला लागल्या. शेजारच्या टपरीवरचा पोरगा म्हणाला, "काका, दार तुम्ही उघडलंय." तर मी त्याच्यावर अजून जोरात, "तू मध्ये बोलू नकोस." मग मिरच्या उचलायला लागलो, आरशाचे पैसे देतो म्हणालो, त्यांनी हातानेच नको केलं आणि गेल्या. गाडीत येऊन बसलो तर हात थरथरत होते. गोळ्या न घेताच घरी आलो आणि बायकोला सांगितलं की दुकानात नव्हत्या. म्हणजे तिथेही खोटंच.

मी ४७ वर्षांचा आहे, ऑफिसात सगळ्यांसमोर "हे माझ्याकडून राहिलं" म्हणणारा माणूस आहे, खरंच, कोणालाही विचारा. मग रस्त्यावर असं का? रोज दुसऱ्यांचं बघतोच आपण, राँग साइडने येणारा आपल्यालाच डोळे वटारतो, सिग्नल तोडणारा आपल्यालाच शिवी देऊन जातो, त्यांना मी आजवर नालायक म्हणत होतो. आता स्वतःला काय म्हणू?

---

गिअर_न्यूट्रल:

घाबरलात हो तुम्ही, बाकी काही नाही. धाडकन आवाज आला की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आणि त्या अवस्थेत शरीराला पळायचं नाहीतर भांडायचं एवढंच कळतं. गाडीतून पळणार कुठे? म्हणून भांडण. लहान पोरगं रस्त्यावर पळालं की आई आधी पाठीत धपाटा घालते आणि मग जवळ घेऊन रडते, तसंच हे. फरक एवढाच की तुम्ही धपाटा घालून थांबलात.

---

पांढरा_रस्सा:

आमच्या कोल्हापुरात काय हुतं सांगू का, पयल्यांदा दोघंबी तावातावानं उतरत्यात, "काय रं ए" पासनं सुरवात. मग एकमेकाच्या गावाची चौकशी. दोन मिनिटात कुणाचा तरी पावणा निघतोय आन मग "जाऊ दे की भावा, लागलं न्हाई न्हवं?" पुण्यात चौकशी करायचीच पद्धत न्हाई त्याला कोण काय करणार.

---

तिरकस_तात्या:

सुरुवातीलाच सांगतो, मला धागाकर्त्याची बाजू पटते. दुचाकीवाले उभ्या गाडीला इतकं चिकटून का जातात? दार उघडायला जागा लागते एवढी अक्कल नको?

आणि सॉरी म्हणण्याचं म्हणाल तर मी एकदा म्हणालोय. सिग्नलला ब्रेकवरचा पाय किंचित सुटला आणि पुढच्याच्या बंपरला टेकलो, टेकलो म्हणजे अक्षरशः टेकलो. उतरून सभ्यपणे म्हणालो, सॉरी, माझी चूक. झालं. त्याचा अख्खा चेहराच बदलला. आधीचे तीन ओरखडे होते तेही माझ्या नावावर, चार टाळकी जमली, "साहेब कबूल करतायत ना, मग विषय संपला", आठ हजारांना मांडवली. त्या दिवसापासून ठरवलं, आधी आपण आवाज चढवायचा, मग समोरचा चार हजारांवर येतो.

---

वर्षा_सिडको:

तात्या, चिकटून जातात कारण उजवीकडून बस येत असते. डावीकडे तुमच्या गाड्या लावलेल्या. जायचं कुठून, उडत?

आणि गिअर_न्यूट्रल, तुमचं भीतीचं मला अर्धंच पटतंय. माझा अनुभव सांगते. नाशिकला द्वारका सिग्नलला मी थांबलेली, मागून एकाने ठोकलं. थांबलेल्या गाडीला, म्हणजे प्रश्नच नाही चूक कोणाची. गडी उतरला तो हातवारे करतच, "मॅडम, ब्रेक असा मारतात का, गाडी येत नाही तर कशाला आणता रस्त्यावर" वगैरे. तेवढ्यात मागच्या सीटवरून माझे सासरे उतरले. सहा फूट, पांढऱ्या मिशा, पूर्वी पैलवानकी केलेली. त्या माणसाचा आवाज अक्षरशः एका सेकंदात खाली आला हो. "काका, लागलं नाही ना कोणाला?" म्हणे.

आता मला सांगा, भीतीने तोल गेला होता तर सासऱ्यांना बघून परत कसा आला? समोर कोण आहे हे बघूनच चढतो हा राग. पाठीमागे "पोलीस" लिहिलेल्या गाडीला घासलं तर कोण ओरडतं? धागाकर्ते, तुमच्यासमोर त्या बाईंऐवजी बुलेटवरचा दाढीवाला असता तर तुमचं पहिलं वाक्य काय असतं, हे जरा मनाशी खरं खरं बघा.

---

अर्धापाऊण:

वर्षाताई, दोन दिवस तेच बघतोय. "सॉरी भाऊ" असतं. लिहितानाही लाज वाटतेय.

---

सनद_नंबर:

वकिली करतो म्हणून थोडं लांबण लावतो.

तात्यांनी सांगितलं ते ऐकायला वाईट आहे पण व्यवहार तसाच चालतो. आपल्याकडे गाडीला गाडी लागली की खरं कोर्ट तिथेच रस्त्यावर भरतं. न्यायाधीश कोण, तर पानवाला, दोन रिक्षावाले आणि ज्याला कुठेही जायची घाई नाही असा एक गृहस्थ. पुरावा काय, तर कोणाचा आवाज मोठा. नियम एकच, मोठ्या गाडीवाल्याची चूक. ट्रक विरुद्ध कार असेल तर ट्रकची, कार विरुद्ध स्कूटर तर कारची, स्कूटर विरुद्ध पायी माणूस तर स्कूटरची. या कोर्टात पहिल्या मिनिटाला "माझी चूक" म्हणणं म्हणजे निकाल स्वतःच्या हाताने लिहून देणं.

आणि जमावाची भीती काल्पनिक नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ बघा. अपघात झाला तर जखमीला डॉक्टरकडे न्यायची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकलीय, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे. कायदा करणाऱ्यांनीच गृहीत धरलंय की लोक मारणार. जानेवारी २०२४ चा ट्रकवाल्यांचा संप आठवतो का? तो याच्यावरूनच होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या पोटकलम २ मध्ये, माणूस दगावला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ड्रायव्हर म्हणाले, थांबलो तर जमाव ठेवत नाही, पळालो तर कायदा सोडत नाही. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं.

आता गंमत बघा. तुमच्या गाडीची पॉलिसी काढा, मागच्या बारीक अक्षरातल्या अटी कोणी वाचत नाही, त्यात असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही चुकीची कबुली द्यायची नाही आणि पैसे देण्याचं वचनही द्यायचं नाही. म्हणजे सभ्य माणसाने सभ्यपणे "चूक माझी, खर्च मी देतो" म्हणायचं ठरवलं तरी कागदावर तो अट मोडतोय. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न टाकल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के, आणि एक क्लेम टाकला की परत शून्यापासून. त्यामुळे दारावरच्या पोच्यासाठी कोणी क्लेम टाकत नाही, रस्त्यावरच मांडवली, आणि मांडवली म्हटलं की घासाघीस, आणि घासाघीस करणारा आधी सॉरी कसा म्हणेल?

"लागलं का तुम्हाला?" एवढं विचारायला मात्र कुठलंही कलम आड येत नाही. कबुली आणि विचारपूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

वर्षा_सिडको:

संपाचं आठवतंय चांगलं, पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि आम्ही पंपावर रांगेत. तिथेही रांगेत घुसणाराच ओरडत होता.

---

लाल_डबा:

वडील एसटीत ड्रायव्हर होते, सातारा विभागात. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली की एसटीत सत्कार होतो, बिल्ला मिळतो, वडिलांचा बिल्ला अजून देवघराच्या कपाटात आहे. पण त्या पंचवीस वर्षांत घासाघासी झालीच नाही असं थोडंच आहे.

ते सांगायचे, गाडीला काही लागलं की पहिली गोष्ट इंजिन बंद करायचं आणि खाली उतरायच्या आधी तोंडात सुपारी टाकायची. मी लहानपणी विचारलं सुपारी का, तर म्हणाले, तोंड कामात असलं की शिवी बाहेर पडत नाही. मग उतरून आधी माणूस बघायचा, गाडी नंतर. कंडक्टर तोवर दोन-चार पॅसेंजरांची नावं लिहून घ्यायचा साक्षीला. चूक कोणाची यावर वडील तिथे एक अक्षर बोलायचे नाहीत, ना स्वतःची म्हणायचे ना दुसऱ्याची, जे काय ते डेपोत लेखी.

पण एक सांगतो. रिटायर झाल्यावर वडिलांनी स्कुटी घेतली आणि महिन्याभरात गल्लीतल्या रिक्षावाल्याशी कडाकडा भांडले, चूक शंभर टक्के वडिलांची. आई म्हणाली, बिल्लेवाले ना तुम्ही? तर म्हणाले, "अगं तिकडं अंगावर खाकी होती."

याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण तुमच्या ऑफिसातला माणूस आणि रस्त्यावरचा माणूस असं जे तुम्ही लिहिलंय त्यावरून आठवलं.

---

तिरकस_तात्या:

सुपारीची आयडिया बरी आहे. पण मग थुंकायचं कुठे यावर वेगळा धागा निघेल.

---

सरासरी:

मानसशास्त्र शिकवतो, थोडं पुस्तकी लिहितो, सांभाळून घ्या.

१९८१ मध्ये स्वेन्सन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं की या गटातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी कशी चालवता. अमेरिकेतल्या ९३ टक्क्यांनी आपलं कौशल्य मधल्या माणसापेक्षा वरचं सांगितलं, स्वीडनमध्ये ६९ टक्क्यांनी. शंभरातले त्र्याण्णव जण पहिल्या पन्नासात कसे बसणार हे ज्याने त्याने बघावं. मी दर वर्षी वर्गात हात वर करायला सांगतो, एखाद-दुसरा प्रामाणिक सोडला तर सगळे हात वर.

आता "मी चांगला चालवतो" ही खूणगाठ पक्की आहे, आणि दाराला स्कूटर लागलीय. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. मग डोकं काय करतं? खूणगाठ सोडणं अवघड, स्कूटरवालीला अडाणी ठरवणं सोपं. हे माणसं ठरवून करत नाहीत, वाक्य तोंडातून बाहेर पडतं तेव्हा ते त्यांना खरंच वाटत असतं. ऑफिसात तुमची खूणगाठ वेगळी आहे, "मी चूक कबूल करणारा माणूस आहे" ही. तिथे कबूल केलं की तुमचा भाव वाढतो. रस्त्यावर तुम्हाला कोण ओळखतं?

दुसरं, मी कट मारला तर मला दवाखान्यात पोचायचं असतं, दुसऱ्याने मारला तर तो मुळातच हरामखोर. स्वतःची परिस्थिती दिसते, दुसऱ्याचा स्वभाव दिसतो. ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या खोडीला नाव देऊन ठेवलं, पण आपल्याकडे ते दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ फार आधीपासून आहे.

आणि वर्षाताईंचा मुद्दा आमच्या पुस्तकांपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

---

गिअर_न्यूट्रल:

अजून एक, गाडीत बसल्यावर बोलायला आपल्याकडे आहेच काय? हॉर्न. "सरका", "धन्यवाद", "माफ करा", "तुझ्या आयचा", सगळ्याला एकच शब्द, पॉँ. चालताना कोणाला धक्का लागला तर आपण आपोआप हात लावून "सॉरी सॉरी" करतो ना, काचेआडून ते जमत नाही. मी हल्ली तळहात वर करतो, पण परवा एकाला वाटलं मी चापट दाखवतोय.

---

मेपल_पान:

आमच्या कॅनडातल्या ओंटारिओत २००९ मध्ये चक्क माफीचा कायदा केलाय, सॉरी म्हटलं म्हणजे दोष कबूल केला असं दिवाणी दाव्यात धरता येत नाही. इथले लोक खांबाला आपटले तरी खांबाला सॉरी म्हणतात म्हणून करावा लागला असावा. बाकी मी हायवेवर काचा लावून अस्सल सोलापुरी शिव्या देते, कोणाला कळत नाही, फार बरं वाटतं.

---

आइंडहोवनची_आत्या:

नेदरलँड्समध्ये बारा वर्षं झाली, सनद_नंबर यांनी लिहिलं त्याला जोडून सांगते.

इथे मोटारगाडी आणि सायकलवाला किंवा पायी माणूस यांची टक्कर झाली की भरपाई कोण देणार हे कायद्याने आधीच जवळपास ठरवून टाकलंय, मोटारवाल्याने. सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर बहुतेक सगळी, मोठा माणूस असेल तर त्याची चूक असली तरी साधारण निम्मी तरी. त्यामुळे रस्त्यात उभं राहून ओरडून जिंकण्यासारखं काही उरत नाही. ओरडत नाहीत असं नाही हं, डच माणूस तोंडाचा चांगलाच फटकळ आहे.

गाडीला गाडी लागली तर डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छापील फॉर्म असतो, दोघांनी मिळून एकच भरायचा. कोण कुठून येत होतं त्यावर खुणा करायच्या, खाली चौकोनात गाड्या कशा होत्या त्याचं चित्र काढायचं आणि दोघांनी सह्या. आमच्या ह्यांनी एकदा पार्किंगमध्ये एकाला ठोकलं, आधी तणतणत उतरले, मग बॉनेटवर कागद ठेवून चित्र काढायला बसले. ह्यांची गाडी बटाट्यासारखी आली. समोरचा हसला, हे पण हसले. चित्र काढता काढता भांडणार कसं माणूस?

आता दाराचं. इथे शिकवतात की दार लांबच्या हाताने उघडायचं. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे उजवं दार डाव्या हाताने. असं केलं की खांदा वळतो आणि मान आपोआप मागे जाते, मागून येणारा दिसतोच. ब्रिटनच्या रस्ता-नियमांच्या पुस्तकातही २०२२ मध्ये हे घातलंय. आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या करून बघा.

---

पांढरा_रस्सा:

करून बघितलं. चहाचा कप पडला.

---

तिरकस_तात्या:

हे सगळं ठीक आहे, पण रस्त्यावर खड्डे, फुटपाथवर दुकानं, दोन्ही बाजूला पार्किंग, आणि त्यात आम्ही डाव्या हाताने दार उघडायचं.

असो. एक कबूल करतो, कारण वर्षाताईंची पोस्ट दोनदा वाचली. तो आठ हजारांवाला बंपर. तो माणूस तसा शांतच होता. टाळकी जमल्यावर चढला. मी गर्दी जमायच्या आधी बाजूला घेऊन बोललो असतो तर कदाचित दोनात भागलं असतं. "कदाचित" लिहिलंय, नोंद घ्यावी.

---

वर्षा_सिडको:

नोंद घेतली. स्क्रीनशॉट पण.

---

अर्धापाऊण:

सगळ्यांचे आभार. काल परत त्याच मेडिकलला गेलो. डाव्या हाताने दार उघडायचं म्हणून वळलो तर आधी बेल्टच काढायचा राहिला होता, आणि माझा खांदा गेल्या वर्षीपासून धरलेला आहे तो असा काही कळवळला की दोन मिनिटं तसाच तिरका बसून राहिलो. पण मागून एक सायकलवाला पोरगा येताना दिसला, तो गेल्यावर उघडलं. टपरीवरचा पोरगा होता. त्याच्याकडून चहा घेतला, त्याला म्हणालो परवा उगाच बोललो तुला. तो म्हणाला, "कधी काका?" त्याच्या लक्षातही नव्हतं, किंवा असेल. त्या बाई कोण, कुठल्या, काही माहीत नाही, त्यांना ते वाक्य लक्षात असणार.

घरी येऊन बायकोला खरं काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितेय काहीतरी झालं होतं, त्या दिवशी तुझ्या बुटाला मेथीचं पान होतं."

---

लाल_डबा:

आणि गोळ्या?

---

अर्धापाऊण:

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच आणल्या. त्याच दुकानातून.